दोर वळणारीची दाढ

सोमवारी सकाळी म्हातारीनं वाखाची जुडी दातांत धरली नाही, तेव्हाच सुनेच्या लक्षात आलं की काहीतरी बिनसलंय.

दोर वळायला दोन हात पुरत नाहीत. वाखाचा, म्हणजे घायपाताच्या धाग्यांचा, मोठा झुबका कमरेला बांधायचा, त्यातून बोटांनी धागे सोडत मागं मागं चालायचं, आणि मध्येच पेड बारीक पडला तर भर घालायला एक लहान जुडी दातांत तयार ठेवायची. म्हातारी चाळीस वर्षं हेच करत आली होती. समोर तिचा मुलगा चाक फिरवायचा, चाकाच्या आकड्याला अडकलेल्या धाग्यांना पीळ बसत जायचा, आणि म्हातारी पाठमोरी, न बघता, अंगणाच्या टोकापर्यंत सरळ रेघेत जायची. पायाखाली खडा आला तरी तिचा पेड कधी जाड-बारीक झाला नाही.

त्या दिवशी तिनं जुडी काखेत धरली. दर दहा पावलांवर थांबून ती काखेतून धागे ओढायची. पेडाला गाठीगाठी पडल्या.

"आत्याबाई, दात दुखतोय का?" सुनेनं वाख विंचरता विंचरता विचारलं.

"दात कशाला दुखेल? वाख टोचला हिरडीला." म्हातारी म्हणाली, आणि उजव्या गालावर पदर ओढून घेतला.

खरी पंचाईत इथंच होती. दुसऱ्या कुणाचा दात दुखला असता तर सगळ्या वस्तीनं त्याला याच अंगणात पाठवलं असतं. म्हातारीला लोक दातवाली म्हणत. तोंड आलं, हिरडी सुजली, दाढ ठणकली की माणूस गाल धरून हिच्या दारात. ती त्याला उन्हाकडं तोंड करून बसवायची, जबड्यात बोट घालून चाचपायची, आणि मग ठेचलेली लवंग, तुरटीचं पाणी, पेरूच्या पाल्याचा काढा, नाहीतर लसूण आणि मीठ. बदल्यात काही घ्यायची नाही. "दोर विकते, लवंग नाही," म्हणायची. तिच्या घरच्यांना वस्तीत जो मान होता तो दोरामुळं नव्हता. नायलॉन आल्यापासून दोर कोण विचारतो? मान होता तो या लवंगेमुळं. आता दातवालीचीच दाढ दुखते हे तिनं कुठल्या तोंडानं सांगावं?

त्यात आठवडाही असा की कुणाला शिंकायलाही फुरसत नव्हती. गुरांच्या बाजाराला माल पुरवणाऱ्या व्यापाऱ्यानं ऐंशी दोर सांगितले होते, वीस वीस हातांचे, शनिवारी सकाळी गाडी येणार होती. "नायलॉननं जनावराच्या मानेला काचतं म्हणून एवढं तरी तुमच्याकडून घेतो," असं तो वर ऐकवून गेला होता. सोमवारपर्यंत तीस झाले होते.

मंगळवारी म्हातारीनं भात डावीकडून चावला. चावला कसला, नुसता गिळला. दुपारी चुलीपाशी पाठ करून ती काहीतरी करत होती. सून पाणी प्यायला आत गेली तर लवंगेचा वास भपकन नाकात शिरला.

"वाख टोचला ना?" सून म्हणाली.

"वाखाला पण लवंग चालते."

नवऱ्याला सुनेनं चाकापाशी जाऊन सांगितलं. तो हसला. "आईला सांगतेस तू दातांचं? अर्ध्या गावाचे दात तिनं वाचवलेत. तिला कळतं."

"अहो, गाल बघा तरी."

"बघितला. उद्यापर्यंत उतरेल. पेड धर तू, ऊन चढायच्या आत दहा काढू."

गाल उतरला नाही. बुधवारी तो खालच्या बाजूला सरकला आणि जबड्याची कड दिसेनाशी झाली. लवंग झाली, मिठाच्या गरम पाण्याच्या गुळण्या झाल्या, तुरटी झाली. मग म्हातारीनं लसूण ठेचून हिरडीत दाबून ठेवला, तासभर. काढला तेव्हा तिथली कातडी पांढरी पडून सोलून निघाली. त्यावर तिनं डोकेदुखीची गोळी कुटून भरली आणि आणखी एक फोड करून घेतला. हे सगळं करायला हात सुनेचे. पाणी तापव, लसूण सोल, काढा गाळ, पाटा धू. मधूनच अंगणातून हाक यायची, "अगं, वाख संपला!" की धावत जाऊन फणीवर वाख विंचरायला बसायचं. तिच्या बोटांच्या पेरांतून वाखाच्या कुसळांनी रक्त यायला लागलं होतं, त्यावर लसणाचा रस लागला की डोळ्यांतून पाणी. हे पाणी दुखण्याचं की रागाचं, ते तिचं तिलाच सांगता आलं नसतं.

"बाजारगावात दातांची डॉक्टरीण बसते," तिनं बुधवारी संध्याकाळी शेवटी म्हातारीला सांगितलंच. "भाजीचा टेम्पो सकाळी जातो. मी येते बरोबर. दुपारपर्यंत परत."

म्हातारीनं तिच्याकडं असं बघितलं की जणू सुनेनं तिला घरातून निघून जायला सांगितलं. तोंड नीट उघडत नव्हतं, तरी तिनं शब्द चावून चावून सांगितलं, "तिच्याकडून दाढ उपटून आलेली माणसं माझ्या दारात आलीत रडत. मी तिच्या दारात जाऊ?"

"दुखतंय तुम्हाला की मला?"

"मला. म्हणून तू गप्प बस."

आणि याच दिवसांत लोकही यायचे थांबले नव्हते. पलीकडच्या आळीतली शिंपीण तोंड आलं म्हणून आली. म्हातारीनं पदर गालावरून डोक्यापर्यंत असा गुंडाळला की नुसते डोळे दिसत होते. शिंपिणीला तिनं तुरटीच्या पाण्याची चूळ सांगितली.

"पदराआडूनही तुमचा गाल का हो फुगलेला दिसतोय?"

"मधमाशी चावली."

"अगंबाई! बोलताही येईना तुम्हाला, आतून चावली?"

सुनेला हसू आलं आणि त्याच क्षणी इतका संताप आला की हातातली वाखाची फणी तिनं दाणकन खाली ठेवली. शिंपीण तुरटी घेऊन गेली. दुसऱ्या दिवशी तिचं तोंड बरंही झालं. तसल्या दुखण्यांना तुरटी पुरते, याबद्दल सुनेचा वाद नव्हता. पण मधमाशी आतून चावत नाही.

गुरुवारी म्हातारीला ताप भरला. तोंडात एक बोट जेमतेम जाईल एवढंच उघडत होतं. पेज चमच्यानं कडेनं सोडावी लागत होती, आणि निम्मी हनुवटीवरून गळत होती. हनुवटीखाली हात लावला तर लाकडासारखं कडक लागायचं. तरी ती उठली, कमरेला झुबका बांधला आणि पाठमोरी चालायला लागली. नवरा चाक फिरवत होता आणि आईकडं बघत नव्हता. माणूस बघायचं टाळतो तेव्हा फार मन लावून काम करतो, तसं तो चाक फिरवत होता.

व्यापारी नेमका त्याच दुपारी टपकला. माल कुठवर आलाय बघायला म्हणाला. त्यानं रचलेल्या दोरांतला एक उपसला, पायाखाली धरून ओढला. पीळ सैल होता. मधल्या भागात तीन पेड एकमेकांपासून सुटून तोंड वासून राहिले.

"हा काय दोर आहे?" त्यानं तो अंगणात फेकला. धुळीत पडला. "म्हातारे, हा तुझ्या हातचा नाही. कुणी वळला?"

दोर म्हातारीच्याच हातचा होता. बुधवारचा. तिघांनाही ते माहीत होतं. म्हातारीनं पदराआडून जमिनीकडं बघितलं. नवऱ्यानं चाकाच्या आकड्याला उगीच तेल लावलं.

"माझा आहे," सून म्हणाली.

"वाटलंच. शिकलीस कुठं, सावलीत बसून?" व्यापारी हसला. "असे आणखी निघाले तर शनिवारी गाडी रिकामी नेईन. नायलॉनवाला रोज फोन करतोय."

तो गेल्यावर सुनेला वाटलं की म्हातारी काहीतरी बोलेल. एखादा शब्द. म्हातारीनं तो धुळीतला दोर उचलला, उसवला आणि पहिल्यापासून वळायला घेतला. सुनेनं काढून घेतला तर हिसका देऊन परत ओढून घेतला.

शुक्रवारी सकाळी म्हातारीला स्वतःची लाळही गिळता येईना. ती भिंतीला टेकून बसली होती, मान पुढं काढून, आणि पदराचं टोक तोंडापाशी धरलं होतं. पदर भिजला होता. श्वास घेताना घशातून घरघर येत होती. दोन्ही बाजूंनी मान आणि हनुवटी एकच झाली होती.

सुनेनं कमरेचा झुबका सोडला आणि चाकापाशी टाकला.

"कुठं निघालीस?" नवरा म्हणाला. "बावीस दोर बाकी आहेत. उद्या सकाळी गाडी येतेय."

"गाडी दोर न्यायला येतेय. तुमच्या आईला न्यायला कोण येणार?"

"आजचा दिवस थांब ना. माल गेला की मीच नेतो."

"लाळ गिळता येत नाही तिला. उद्या काय गिळता येणार नाही, श्वास?" तिचा आवाज चढला. "तीन दिवस मी लसूण सोलतेय. चार दिवस तुम्ही म्हणताय तिला कळतं. तिला कळतं ते दुसऱ्याच्या तोंडातलं. स्वतःच्या तोंडात कुणाला दिसतं?"

नवरा चाकाची मूठ धरून तसाच उभा राहिला. मग मूठ सोडून त्यानं आईला उचलून उभं केलं. म्हातारीनं दाराची चौकट धरली. तिची बोटं एकेक करून सोडवावी लागली. त्या बोटांची पकड दोर वळून वळून अशी झाली होती की दोघांना घाम फुटला.

नवरा दोरांपाशी राहिला; टेम्पोत भाजीच्या पोत्यांवर म्हातारी बसली. सुनेनं तिचं डोकं आपल्या खांद्यावर घेतलं. रस्त्यात प्रत्येक खड्ड्याला ती कण्हायची, आणि ओळखीचं कुणी दिसलं की पदर पुढं ओढायची. मरायला टेकलेल्या माणसाला लाज कुठून सुचते, हे सुनेला समजेना. तिच्या मनात आलं, ही बाई मेली तरी चालेल पण कुणी बघू नये, असं हिला वाटतंय. आणि आपण हिला ओढत नेतोय तर उद्या ही आपल्यालाच बोल लावणार.

डॉक्टरणीच्या दवाखान्यात लाकडी बाकं होती आणि बाकावर सात माणसं. त्यांतला तिसरा म्हातारीला ओळखून उठला. "अहो, दातवाल्या आजी? तुम्ही इथं?" सगळ्यांनी माना वळवल्या. म्हातारीनं डोळे मिटून घेतले.

पण बसायची वेळच आली नाही. डॉक्टरीण, चष्मा लावलेली तिशीतली बाई, दारातून डोकावली आणि म्हातारीच्या घशाची घरघर ऐकून तशीच बाहेर आली. तोंड उघडायला सांगितलं. हनुवटीखाली दोन बोटं दाबली. जीभ वर उचलली गेली होती, ती बघितली.

"काय काय लावलं?"

सुनेनं सांगितलं. लवंग, मीठ, तुरटी, लसूण, गोळी, पेरूचा पाला. सांगताना तिला वाटलं आता ही बाई हसेल किंवा ओरडेल. तिनं दोन्हीतलं काहीच केलं नाही.

"मिठाच्या पाण्यानं काही बिघडलं नाही. लवंगेनं ठणका बधिर झाला असेल. लसणानं आणि गोळीनं हिरडी भाजली. पण दाढेच्या मुळाशी पू झालाय आणि तो मानेकडं उतरलाय, त्याला बाहेरून लावलेलं काही पोचत नाही. तोंड उघडत नाही, ताप आहे, गिळता येत नाही. हे माझ्या खुर्चीवरचं काम राहिलं नाही. मी चिठ्ठी देते, इथून सरळ मोठ्या दवाखान्यात. आत्ताच." मग चिठ्ठी लिहिता लिहिता, मान वर न करता, "मंगळवारी आणलं असतं तर दाढ काढून संध्याकाळी घरी गेल्या असत्या."

मंगळवारी. मंगळवारी सुनेनं नवऱ्याला गाल बघायला सांगितलं होतं. तिनं चिठ्ठी पदराच्या गाठीत बांधली आणि म्हातारीला उठवलं.

मोठ्या दवाखान्यात म्हातारीच्या हनुवटीखाली चीर दिली, नळी घातली, वाटीभर पू काढला, आणि दुसऱ्या दिवशी दाढ काढली. चार दिवस सलाइन. सून खाटेशेजारी जमिनीवर बसून राहिली. शनिवारी सकाळी गाडी आली असेल, हे तिला कळत होतं. नवरा रविवारी आला तो हाताला फडकं बांधूनच. एकट्यानं चाक आणि पेड दोन्ही सांभाळायला गेला होता, तळव्याची साल निघाली होती. नवा एकही दोर झाला नाही, अठ्ठावन्नच गेले. उरलेले व्यापाऱ्यानं नायलॉनचे घेतले आणि पुढच्या बाजाराचं काही बोलला नाही.

"लवकर न्यायला पाहिजे होतं," नवरा दवाखान्याच्या व्हरांड्यात म्हणाला.

सुनेच्या जिभेवर पन्नास उत्तरं आली. तिनं नुसतं त्याच्या तळव्याचं फडकं सोडलं आणि नीट बांधून दिलं.

घरी आल्यावर म्हातारीकडं रीघ लागली. मानेला पट्टी, पट्टीवर पदर. शिंपीण आली, गवळी आला, टेम्पोवाला आला. आणि तिसऱ्या दिवशी सुनेनं स्वतःच्या कानांनी ऐकलं. ती विहिरीवरून घागर घेऊन येत होती, म्हातारी अंगणात शिंपिणीला सांगत होती.

"गाठ तर माझ्या मिठाच्या पाण्यानंच फुटली. दवाखान्यात गेले तेव्हा निम्मं उतरलंच होतं. त्यांनी काय, बाटल्या लावल्या."

घागर सुनेच्या हातात जड झाली. तिनं ती खाली ठेवली, पाणी सांडलं. तीन दिवसांचा लसूण, खांद्यावरचं ते तापलेलं डोकं, स्वतःवर घेतलेला सैल दोर, आणि आता हे. आत जाऊन तिनं मोठमोठ्यानं भांडी घासली. राख संपली तरी घासत राहिली.

त्याच सकाळी, शिंपीण जाऊन थोडा वेळ झाला तोच, गवंडी आला. वस्तीत नवा होता, शाळेची भिंत बांधायला आलेला, धिप्पाड माणूस. पण गाल धरून असा वाकला होता की लहान दिसत होता. डाव्या बाजूचा जबडा फुगला होता.

"तुमचं नाव ऐकून आलो, आजी. शिंपीणबाई म्हणाल्या की तुमची दाढ तुम्ही घरीच बरी केली. मलाही तेच द्या. उद्या स्लॅब आहे, सुट्टी नाही मिळणार."

म्हातारीनं त्याला सवयीनं उन्हाकडं बसवलं. "उघड." त्यानं उघडलं. एक बोट जाईल, एवढंच. म्हातारीनं बोट पुढं केलं आणि तिथंच थांबवलं.

"ताप?"

"रात्री होता थोडा."

"गिळताना?"

"दुखतं जरा. लवंग दिलीत तर जाईल."

म्हातारीनं मागं वळून हाक मारली, "अगं, लवंग आण. आणि पाणी तापव."

सून दारात आली. हात राखेनं काळे. "नाही आणत."

"काय?"

"आत्याबाई, त्यांना खरं सांगा. नाहीतर मी सांगते."

गवंडी एकदा हिच्याकडं, एकदा तिच्याकडं बघायला लागला. म्हातारीचा चेहरा लाल झाला. परक्या माणसासमोर सून असं कधी बोलली नव्हती. वाखाचा भारा बाजूला सारून म्हातारी उठली, सुनेच्या अंगावरून आत गेली, आणि आतल्या खोलीचं दार आपटलं. बाहेर गवंडी चुळबुळत बसला. सुनेला वाटलं, झालं. आता ही वर्षभर बोलणार नाही, आणि हा माणूस दुसऱ्या कुणाकडून लसूण घेऊन तोंडात भरणार.

"बसा," ती गवंड्याला म्हणाली. "मी सांगते काय झालं ते."

पण तिला सांगावं लागलं नाही. दार उघडलं. म्हातारी बाहेर आली ती पदर खांद्यावर टाकून, मानेची पट्टी सोडून. हनुवटीखाली बोटभर लांब टाके होते, काळ्या दोऱ्याचे, भोवतीची कातडी अजून पिवळी. गवंड्यासमोर उभी राहून तिनं मान वर केली.

"इथून काढलं," ती म्हणाली. "वाटीभर. आणि ही बघ." तिनं बोटानं गाल बाजूला ओढला आणि दाढेची रिकामी जागा दाखवली. "सोमवारी दुखली, शुक्रवारी गेले. तेही मी नाही गेले, हिनं ओढून नेलं. एक दिवस आणखी काढला असता तर तुला लवंग द्यायला मी नसते."

गवंडी टाक्यांकडं बघत राहिला. "पण त्या शिंपीणबाई..."

"तिला मी खोटं सांगितलं."

हे बोलताना तिचा आवाज नेहमीसारखाच खरखरीत होता, पण ती सुनेकडं बघत नव्हती. आत जाऊन तिनं स्वतःच लवंगा आणल्या, दोन गवंड्याच्या हातावर ठेवल्या. "दाढेखाली धर. वाटेत ठणका कमी वाटेल, एवढंच. बरं व्हायला नाही ही. टेम्पो आत्ता चौकात उभा असेल."

"आणि स्लॅब?"

"स्लॅबला तोंड नाही. तुला आहे. ऊठ."

तो उठला. वाकून निघाला, कुंपणापाशी थांबून एकदा मागं बघितलं आणि मग चौकाच्या दिशेनं चालू लागला.

म्हातारी पट्टी पुन्हा बांधायला लागली. हात मागं जात नव्हते. सुनेनं पुढं होऊन गाठ मारली. म्हातारीनं तिला मारू दिली.

"झालं समाधान?" ती म्हणाली.

सुनेला समाधान वगैरे काही वाटत नव्हतं. बावीस दोर गेलेच होते. व्यापारी परत येईल की नाही, ठाऊक नव्हतं. उद्या शिंपीण वस्तीभर काय सांगत फिरेल, तेही ठाऊक नव्हतं. ती राखेचे हात लुगड्याला पुसत नुसती उभी राहिली.

म्हातारी वाखाच्या भाऱ्यापाशी बसली. थोडे धागे उपसले, मांडीवर सरळ केले. मग मान वर न करता तिनं विचारलं, "ती डॉक्टरीण बसते किती वाजता?"

"दहाला. दोनपर्यंत."

"रोज?"

"सोमवारी बंद."

"सोमवारी बंद," म्हातारी स्वतःशी पुटपुटली. "दहा ते दोन." आणि लक्षात राहावं म्हणून आणखी एकदा म्हणाली.